बॅप: गायीच्या कासेतील एका जिवाणूच्या पृष्ठप्रथिनाचा प्रकरण अभ्यास

कासदाहावर, म्हणजे आपल्याकडचे पशुपालक ज्याला दगडी म्हणतात त्या आजारावर, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की बहुतेक वेळा काही दिवसांत सूज उतरते, दुधातल्या गुठळ्या जातात आणि गाय बरी झाली असे धरले जाते. पण आजाराच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असेल तर काही आठवड्यांनी, कधी थेट पुढच्या वेतात, त्याच सडातून तो पुन्हा सापडतो. प्रयोगशाळेतील संवेदनशीलता चाचणीत ज्या औषधाने तो सहज मरतो, त्याच औषधाला कासेत मात्र पुरून उरतो. याची कारणे एकाहून अधिक आहेत. हा जिवाणू दूधग्रंथीच्या पेशींच्या आत शिरून राहू शकतो, ऊतीत बारीक गळवे करून त्यांच्या आड दडतो, आणि त्याच्या काही वाणांकडे पेनिसिलिन फोडणारे विकर असते. त्यात भर पडते ती जैवपटलाची, म्हणजे बायोफिल्मची. येथे मांडलेले प्रकरण त्या जैवपटलाचे आहे, आणि त्यातही स्पेनमध्ये कासदाहाच्या जनावरांपासून मिळालेल्या व्ही-३२९ या एका वाणाचे व त्याच्या पृष्ठभागावरील बॅप या एका प्रथिनाचे.

जैवपटल म्हणजे एखाद्या पृष्ठभागाला आणि एकमेकांना चिकटून, स्वतःच स्रवलेल्या चिकट आधारद्रव्यात राहणारी जिवाणूंची वसाहत. तिच्या खोलवरच्या थरांत अन्न आणि प्राणवायू कमी पोहोचतो, तेथील पेशींची वाढ मंदावते, आणि वाढणाऱ्या पेशींवरच काम करणारी औषधे तेथे निष्प्रभ ठरतात. शिवाय श्वेतपेशींना अशी वसाहत गिळता येत नाही. हे सारे घडण्यासाठी दोन गोष्टी आधी व्हाव्या लागतात: जिवाणूने पृष्ठभागाला चिकटणे आणि मग जिवाणूने जिवाणूला धरून ठेवणे. १९९० च्या दशकात स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत या दुसऱ्या कामाचे श्रेय प्रामुख्याने एका बहुशर्करेला दिले जात होते. आयका या जनुकसमूहाच्या सूचनेवरून तयार होणारी ही शर्करा पीआयए किंवा पीएनएजी या संक्षिप्त नावांनी ओळखली जाते. १९९६ मध्ये स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसमध्ये आणि १९९९ मध्ये ऑरियसमध्ये या जनुकसमूहाचे वर्णन झाल्यावर जैवपटल म्हणजे शर्करेचा गोंद आणि प्रथिने म्हणजे सुरुवातीच्या पकडीपुरते हुक, अशी एक सोयीची विभागणी रूढ होऊ लागली होती. व्ही-३२९ ने ती मोडली.

वाण आणि प्रयोग

कार्मे कुकारेला, क्रिस्तिना सोलानो, हायोने वाये, बेआत्रिस आमोरेना, इन्यिगो लासा आणि होसे पेनादेस यांचा हा अभ्यास २००१ मध्ये जर्नल ऑफ बॅक्टिरिऑलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचा मार्ग जनुकशास्त्रातला जुना, सरळ आणि म्हणूनच भरवशाचा होता. व्ही-३२९ हा वाण प्लास्टिकच्या तबकडीतील खळग्यांमध्ये अतिशय जाड जैवपटल तयार करीत असे. त्याच्या जनुकसंचात टीएन-९१७ हा ट्रान्सपोझॉन, म्हणजे स्वतःची जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा, यदृच्छेने घुसवून हजारो उत्परिवर्तित वसाहती मिळवायच्या आणि त्यांतून जैवपटल करण्याची क्षमता गमावलेल्या शोधायच्या, असा हा मार्ग. ट्रान्सपोझॉन जेथे घुसतो ते जनुक निकामी होते. त्यामुळे क्षमता गेली की घुसण्याची जागा शोधून दोषी जनुकापर्यंत पोहोचता येते.

जैवपटल मोजण्याची पद्धतही साधी आहे. खळग्यांत द्रव माध्यमात जिवाणू वाढवायचे, सैल पेशी धुऊन काढायच्या, उरलेला थर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचा आणि रंगाची तीव्रता मोजायची. त्याच्या जोडीला काँगो रेड घातलेल्या आगरवर वसाहतींचे रूप पाहिले जाते. मूळ वाणाच्या वसाहती कोरड्या व खडबडीत, तर क्षमता गमावलेल्यांच्या गुळगुळीत दिसतात. या चाळणीतून दोन उत्परिवर्तित वाण असे मिळाले की ज्यांची प्लास्टिकला चिकटण्याची आरंभीची क्षमता, परस्परांना धरण्याची क्षमता आणि अखेरचे जैवपटल, तिन्ही लक्षणीय घटले होते, आणि दोहोंत ट्रान्सपोझॉन एकाच जनुकात घुसलेला होता. या प्रकरणातील सर्वांत वजनदार पुरावा मला हाच वाटतो. एक वाण मिळाला असता तर योगायोगाची शंका घेता आली असती; यदृच्छेने झालेल्या दोन वेगवेगळ्या घुसखोऱ्या त्याच जागी सापडणे आणि परिणामही तोच असणे, याला योगायोग म्हणणे अवघड आहे. त्या जनुकाला बॅप हे नाव मिळाले आणि त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनालाही तेच.

प्रथिन अवाढव्य निघाले. त्यात २,२७६ अमिनो आम्ले आहेत, जेव्हा जिवाणूंच्या सामान्य प्रथिनांत ती तीनशेच्या आसपास असतात. आरंभी पेशीबाहेर पाठवणीचा संकेत, मग अ व ब हे भाग, त्यानंतर ८६ अमिनो आम्लांचा जवळजवळ हुबेहूब तुकडा १३ वेळा एकापुढे एक ओवलेला क भाग, मग सेरीन व अ‍ॅस्पार्टिक आम्लाने समृद्ध असा छोटा ड भाग, आणि अगदी शेवटी पेशीभित्तिकेत रोवण्याची खूण, अशी त्याची रचना आहे. ही शेवटची खूण ल्युसीन, प्रोलीन, कोणतेही एक अमिनो आम्ल, थ्रिओनीन आणि ग्लायसीन अशा क्रमाची असते. सॉर्टेज ए हे विकर ती ओळखते, थ्रिओनीन व ग्लायसीन यांच्यामध्ये कापते आणि प्रथिनाचे टोक पेशीभित्तिकेच्या पेप्टिडोग्लायकनला कायमचे जोडून देते. स्टॅफिलोकॉकसची बहुतेक महत्त्वाची पृष्ठप्रथिने, उदाहरणार्थ प्रथिन ए आणि फायब्रोनेक्टिनला बांधणारी प्रथिने, याच रीतीने भिंतीत रोवली जातात. एवढे लांब, अर्धेअधिक पुनरावृत्तींनी भरलेले आणि भिंतीतून बाहेर डोकावणारे प्रथिन पाहिले की चिकटण्याचे काम पुनरावृत्तींकडेच असणार असे कोणीही म्हटले असते. पुढे तसे ठरले नाही, ते ओघात येईल.

जनुक कोठे आढळते आणि कोठून आले

या अभ्यासकांनी कासदाहाच्या गायींपासून मिळालेले ३५० आणि माणसांच्या संसर्गांतून मिळालेले ७५ ऑरियस वाण तपासले. गायींच्या वाणांपैकी फक्त ५ टक्क्यांत, म्हणजे सतरा-अठरा वाणांत, बॅप सापडले; माणसांच्या एकाही वाणात ते नव्हते. ज्यांच्याकडे ते होते ते सगळे मात्र जोमाने जैवपटल करणारे होते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. बॅप असेल तर जैवपटल नक्की, हा एक अर्थ. आणि गायींतील ९५ टक्के वाण बॅपशिवायच कासदाह घडवतात, हा दुसरा. लोकप्रिय लेखनात पहिला अर्थ उचलला जातो आणि दुसरा गळून पडतो.

२००३ मध्ये याच गटाने दाखवले की बॅप जनुक एका फिरत्या रोगजनक बेटावर, म्हणजे रोग घडवण्यास मदत करणारी जनुके वाहणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, बसलेले आहे. एसएपीआयबोव्ह-२ असे त्या बेटाचे नाव असून त्याची लांबी सुमारे २७ हजार बेसजोड्या आहे. सिप नावाचे विकर या बेटाला जनुकसंचातून अलगद सोडवते, वर्तुळाकार करते आणि पुन्हा जोडूही शकते. अशी बेटे जिवाणुभक्षक विषाणूंच्या कवचात शिरून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. २००५ च्या आणखी एका अभ्यासात बॅपची भावंडे एपिडर्मिडिस, क्रोमोजीन्स, झायलोसस, सिम्युलान्स आणि हायकस या इतर स्टॅफिलोकॉकस जातींतही आढळली. याच दशकात या गटाने एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली: जिवाणूच्या डीएनएला इजा झाल्यावर जागी होणारी एसओएस ही दुरुस्तीयंत्रणा काही प्रतिजैविकांमुळे चाळवली जाते आणि तिच्यामुळे अशा रोगजनक बेटांचा प्रसार वाढू शकतो. या प्रतिजैविकांत फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांबरोबर बीटा-लॅक्टम गटातीलही आहेत. सडात सोडायच्या ट्यूबमध्ये हाच बीटा-लॅक्टम गट सर्रास असतो.

कासेत बॅप काय करते

तबकडीतील जैवपटल आणि जनावराच्या शरीरातील आजार यांमधले अंतर मोठे आहे. उंदरांवरील पहिल्या प्रयोगात बॅप असलेला वाण अधिक काळ टिकून राहिला होता, पण उंदीर म्हणजे गाय नव्हे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे अंतर बरेच कमी केले. बॅप असलेले वाण गायीच्या कासेत वस्ती करण्यात आणि तेथे टिकण्यात सरस ठरले. जैवपटलाच्या रूपात असताना त्यांच्यावर प्रतिजैविकांचा परिणाम कमी झाला. आणि संसर्ग झालेल्या जनावरांच्या रक्तात बॅपविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. यातील शेवटचा मुद्दा दिसायला किरकोळ, पण तर्काच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण प्रतिपिंडे तेव्हाच तयार होतात जेव्हा ते प्रथिन जनावराच्या शरीरात प्रत्यक्ष बनलेले असते. त्याच अभ्यासात बॅपधारी वाणातील आयका जनुकसमूह निकामी करून पाहिला, तरी जैवपटलात फरक पडला नाही. शर्करेचा गोंद नसतानाही केवळ प्रथिनाच्या बळावर वसाहत उभी राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे २००८ मध्ये डब्लिनच्या अभ्यासकांनी मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या काही मानवी वाणांत फायब्रोनेक्टिनला बांधणारी प्रथिनेही असेच काम करतात असे दाखवले, तेव्हा बॅपचे उदाहरण एकाकी राहिले नाही.

मात्र या लाभाची किंमत जिवाणूला मोजावी लागते. २००२ मध्ये बॅपधारी व्ही-३२९ ची तुलना त्याच्याच बॅप गमावलेल्या एम-५५६ या भावंडाशी करण्यात आली, तेव्हा फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन या यजमानाच्या प्रथिनांना चिकटण्यात बॅपधारी वाणच मागे पडला. पृष्ठभागावरचे हे लांबलचक प्रथिन इतर आखूड पकडप्रथिनांना झाकून टाकत असावे, हे त्याचे स्पष्टीकरण. २०१२ मध्ये त्यात आणखी एक धागा मिळाला: बॅप हे यजमान पेशीवरील जीपी-९६ या प्रथिनाला बांधले जाते आणि त्यामुळे जिवाणूचे पेशीच्या आत शिरणे घटते. म्हणजे कासेत टिकण्याच्या ज्या दोन वाटा आरंभी सांगितल्या, पेशीत शिरणे आणि बाहेर वसाहत करणे, त्यांपैकी बॅप दुसरी वाट मोकळी करताना पहिली अरुंद करते. रोगजनकतेचा घटक म्हणून एखाद्या प्रथिनाची नोंद करताना तो घटक नेमका कोणत्या टप्प्यावर उपयोगी आणि कोणत्या टप्प्यावर अडचणीचा, हे लिहिले जात नाही, ही या क्षेत्रातील लेखनाची एक जुनी उणीव आहे.

जिवाणूने या अडचणीवर तोडगाही ठेवलेला दिसतो. बॅपची अभिव्यक्ती सारए या नियंत्रक प्रथिनावर अवलंबून आहे, आणि २००७ च्या अभ्यासानुसार ती आलटून पालटून चालू-बंद होते. एकाच वाणाच्या संवर्धनात जैवपटल करणाऱ्या व न करणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हांच्या पेशी निघतात. थव्याने चिकटून राहणाऱ्या वसाहतीतून काही पेशी सुट्या होऊन नव्या जागी जाऊ शकल्या तरच संसर्ग पसरणार, हे लक्षात घेतले की या चालू-बंदचा उपयोग समजतो.

कॅल्शियमचे कोडे

या प्रकरणाचा सर्वांत विचार करायला लावणारा भाग २००४ मध्येच पुढे आला. बॅपच्या ब भागात कॅल्शियम बांधणाऱ्या प्रथिनांत आढळणाऱ्या, ईएफ-हँड नावाने ओळखल्या जाणाऱ्या घड्या आहेत. माध्यमात मिलिमोलर प्रमाणात कॅल्शियम मिसळले की बॅपधारी वाणाचे परस्परांना चिकटणे थांबते आणि जैवपटल होत नाही. या घड्यांतील अमिनो आम्ले बदलली की कॅल्शियमचा हा अटकाव नाहीसा होतो. म्हणजे कॅल्शियम येथे प्रथिनाच्या घडणीतच हस्तक्षेप करते.

त्याचे यांत्रिक स्पष्टीकरण २०१६ मध्ये मिळाले. बॅपचा अमिनो टोकाकडचा भाग पेशीबाहेर कापला जाऊन सुटा होतो, आणि सभोवती आम्लता वाढलेली व कॅल्शियम कमी असेल तर हे सुटे तुकडे उलगडून, एकमेकांत अडकून अमिलॉइड प्रकारचे अविद्राव्य तंतू बनवतात. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणाऱ्या तंतूंची घडण याच धाटणीची असते, फक्त येथे ती बिघाडाची खूण नसून बांधकामाचे साहित्य आहे. कॅल्शियम पुरेसे असेल तर ते बांधून घेतलेले तुकडे स्थिर राहतात आणि तंतू होत नाहीत. त्यामुळे १३ पुनरावृत्तींचा जो भाग नजरेत भरतो तो कळीचा न ठरता, त्याच्या अलीकडचा अ-ब भाग कामाचा ठरला. ग्लुकोज घातलेल्या माध्यमात व्ही-३२९ चे जैवपटल जाड का होते, याचेही उत्तर यातून मिळते: जिवाणू ग्लुकोज आंबवतात, माध्यम आम्ल होते आणि तंतू जुळतात.

आता हेच गायीच्या कासेत ठेवून पाहावे. गायीच्या दुधात एकूण कॅल्शियम लिटरला सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे ३० मिलिमोलरच्या आसपास असते. त्यातील बराचसा वाटा केसीनच्या कणांत बांधलेला असला, तरी मुक्त आयनांच्या रूपातील कॅल्शियमही दोन-तीन मिलिमोलर भरते. निरोगी दुधाचा पीएच ६.६ ते ६.८ असतो आणि कासदाहात रक्तातील घटक दुधात झिरपू लागल्याने तो खाली येण्याऐवजी वर, सातकडे सरकतो. तंतू जुळायला आम्लता हवी आणि कॅल्शियम कमी हवे. दुधात दोन्ही उलट. तरीही बॅपधारी वाण कासेत टिकतात आणि बॅप तेथे बनते, हे प्रतिपिंडांवरून दिसते. या विसंगतीचा उलगडा माझ्या मते दुधाच्या सरासरी आकड्यांत शोधू नये. जिवाणूंच्या गुठळीच्या आत, जेथे प्राणवायू संपलेला आहे आणि दुधातील शर्करा आंबवून तयार झालेले लॅक्टिक आम्ल बाहेर पडू शकत नाही, तेथील पीएच बाहेरच्या दुधाच्या पीएचपेक्षा बराच खाली असणे शक्य आहे. आणि कासदाहात दुधाचे केसीन घटत असल्याने कॅल्शियमही निरोगी दुधापेक्षा कमी असते. गाय आटवल्यानंतरच्या काळात कासेतील द्रवाचे रसायन आणखी बदलते. हा तर्क आहे, पुरावा नाही; पण तबकडीतील माध्यमात ग्लुकोज घालून मिळालेले जाड जैवपटल पाहून कासेतही तसेच घडत असेल असे मानण्यापेक्षा तो अधिक सावध आहे.

इतर जाती आणि व्यवहार

बॅपसारखी प्रथिने पुढे अनेक जिवाणूंत सापडली. एन्टेरोकॉकस फीकालिसमधील ईएसपी, साल्मोनेलातील बॅप-ए, स्यूडोमोनास गटातील लॅप-ए ही त्यांतील ठळक नावे, आणि २००६ मध्ये लासा व पेनादेस यांनी त्यांना एका कुळात बसवले. आकाराने मोठी, पुनरावृत्तींनी भरलेली, अनेकदा फिरत्या डीएनएवर बसलेली, अशी त्यांची साम्ये आहेत. मात्र ग्रॅम-ऋण जिवाणूंत ती पेशीभित्तिकेत सॉर्टेजने रोवली जात नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा आहे, त्यामुळे कुळाचे नाव एक असले तरी यंत्रणा एकसारखी धरता येत नाही.

व्यवहारात या प्रकरणाचा उपयोग कोठे होतो, हे पाहताना जनुकाचा आढळ पुन्हा समोर ठेवावा लागतो. महाराष्ट्रातील दूधउत्पादकाच्या गोठ्यात कासदाहाची पहिली खूण सहसा दुधाच्या सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणीने कळते. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात विकसित झालेली ही चाचणी दुधातील श्वेतपेशींची वाढ दाखवते, जिवाणू कोणता आणि त्याच्याकडे कोणते पृष्ठप्रथिन आहे हे नाही. बॅप जनुकासाठी पीसीआर, म्हणजे ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी, करणे प्रयोगशाळेला कठीण नाही, पण ते नकारार्थी आले म्हणून वाण जैवपटल करणार नाही असे म्हणता येत नाही, कारण शर्करेची वाट आणि इतर प्रथिनांची वाट उघडीच असते. आणि होकारार्थी आले तरी त्या क्षणी जनुक चालू आहे की बंद, हे चाचणी सांगत नाही. लशीच्या बाबतीत हेच. एखाद्या लशीचा रोख बॅपवर ठेवला तर ती थोड्याच वाणांवर चालेल, आणि त्या वाणांतही बॅप बंद केलेल्या पेशी निसटतील. युरोपात २००९ मध्ये मान्यता मिळालेल्या, कासदाहावरील स्टार्टव्हॅक या लशीत निष्क्रिय केलेल्या ऑरियसबरोबर ई. कोलाय वापरलेला आहे, आणि त्यातील ऑरियसची निवड जैवपटलाशी निगडित, शर्कराप्रधान प्रतिजनसंकुलावरून केलेली आहे, बॅपवरून नाही.

पशुवैद्यकाला यातून लगेच वापरता येईल असे जे मिळते ते उपचाराच्या वेळेबद्दल आहे. वसाहत पातळ आणि नवी असताना, म्हणजे संसर्ग लवकर ओळखून दिलेल्या औषधाला यश येण्याची शक्यता अधिक असते. वारंवार उलटणाऱ्या सडावर तीच ट्यूब पुन्हा पुन्हा सोडत राहिल्याने जिवाणू जातो असे नाही, आणि वर सांगितलेल्या एसओएस यंत्रणेचा विचार केला तर फिरत्या बेटांना वाव मिळण्याचा धोका त्यात आहे. अशा जनावरासाठी दूध काढून झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे, बाधित गाय शेवटी पिळणे, आटवताना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करणे आणि तरीही संसर्ग हटला नाही तर ते जनावर कळपातून वेगळे काढणे, ही क्रमवारी जगभरच्या दूधव्यवसायात वापरली जाते, व ती जिवाणूकडे बॅप असो वा नसो, लागू पडते.